सव्वादहाचा धूर

विमानतळ वसाहत,
१० जानेवारी

मामा,

नमस्कार. मामीलाही सांगा, पण तिच्या आधी पाकीट तुम्ही फोडलंत हे सांगू नका.

फोन करत नाही म्हणून फुगून बसू नका. धावपट्टीच्या या टोकाला फोन लागत नाही, आणि लागला तरी तुम्ही म्हणणार, तोंडी नको, लिहून पाठव. साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला लिहिल्याशिवाय काही खरं वाटत नाही, हे तुमच्या घरात लहानाची मोठी होताना मला पुरतं कळलंय.

तर लिहून देते. मी विमानात बसते आणि धूर मोजते. विमानाच्या नाकाला एक नळी आहे. तिच्यातून बाहेरची हवा आत येते, माझ्यासमोरच्या पेटीतून जाते, आणि साखरेच्या खड्याएवढ्या जागेत धुराचे कण किती ते पेटी सांगते. मी आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि उलटी आवरून धरायची. एवढंच काम, पण मला आवडतं.

अडचण अशी की धूरच मिळत नाहीये. या महिन्यातली तिन्ही उड्डाणं कोरडी गेली. हवा इतकी स्वच्छ की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, खिडकीबाहेर बघून सुस्कारे टाकतात. फेब्रुवारी संपायच्या आत वीस धूर नोंदवायचे अशी वरच्या समितीची अट आहे. आमच्याकडे गेल्या वर्षीचेच अकरा आहेत. वीस झाले तर मी कायम. नाही झाले तर विमान दुसऱ्या गटाला आणि मी घरी. हे माझं चौथं कंत्राट आहे, मामा. पाचवं कोणी देणार नाही.

असो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सव्वादहाला आम्ही तुमच्या गावावरून जातो, अवघ्या तीनशे मीटरवरून. मामीला म्हणावं, हात कर.

तुमची,
बबी

*

घर,
१४ जानेवारी

चि. बबी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं.

धूर नाही म्हणून माणूस बेकार होतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे धूर दिसला की माणूस बेकार व्हायचा. मोठे साहेब खुर्चीत बसल्या बसल्या धुराड्याकडे बघायचे. काळा निघाला तर हवा कमी पडली, पांढरा निघाला तर हवा जास्त झाली, आणि काहीच दिसलं नाही तर बॉयलरवर मी आहे असं समजायचं. एकतीस वर्षांत मला दोनदाच बोलावणं आलं, आणि दोन्ही वेळा कोळसा ओला होता.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. धुराचं मी बघतो.

पुढील माहिती लिहून कळव. विमान कोणत्या दिशेकडून येतं? गावावर किती वेळ असतं? उशीर झाला तर किती होतो? धूर सरळ उभा असलेला बरा की पसरलेला?

मामी हात करणार आहे. तिने त्यासाठी गच्चीची किल्ली शोधून ठेवली.

तुझा,
मामा

*

विमानतळ वसाहत,
२१ जानेवारी

मामा,

आधी तुमची उत्तरं: पूर्वेकडून, दीड मिनिट, फार तर चार मिनिटं, सरळ उभा. माझ्या कामात तुम्ही एवढं लक्ष घालता हे बघून मला भरून आलं. इथे कोणी विचारत नाही.

आणि आता ऐका. काल आम्हाला धूर मिळाला, आणि तोही तुमच्याच गावावर. नकाशावर तिथे कारखाना नाही, भट्टी नाही, काही नाही, आणि तरी सव्वादहाला सरळ खांबासारखा एक धूर वर आलेला. पेटीतला आकडा दोन हजारांवरून साठ हजारांवर गेला. मोठ्या बाई सीटचा पट्टा सोडून उठल्या आणि डोकं छताला आपटून खाली बसल्या, तरी हसत होत्या. बारावा झाला.

त्या गडबडीत मला मामी दिसली नाही. गच्चीवर काहीतरी हलत होतं, पण ते धुरामागे होतं.

बबी

*

घर,
२५ जानेवारी

चि. बबी,

अभिनंदन. आनंद झाला.

तुझ्या पत्रात धुराच्या प्रतीविषयी काही लिहिलेलं नाही. रंग कसा वाटला? मधेच तुटत होता का? माझ्या अंदाजाने पहिल्या अर्ध्या मिनिटात जरा मान टाकली असावी, कारण वारा फिरला होता. पुढच्या खेपेला तसं होणार नाही. एखादा विशिष्ट रंग हवा असल्यास निःसंकोच कळवावे.

मामीचा घसा धरलाय. तिला थंड पाणी पिऊ नको म्हणून कितीदा सांगायचं.

मामा

*

विमानतळ वसाहत,
१ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही खालून बघूनही माझ्या पेटीइतकं अचूक सांगता. पहिलं अर्धं मिनिट आकडा खरंच घसरला होता. बाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, हा माणूस आपल्याकडे हवा होता.

त्यानंतर तेवीसला मिळाला, सत्तावीसला मिळाला, तीसला मिळाला. पंधरा झाले. पण बाईंना आता संख्येचं काही वाटेनासं झालंय. त्यांनी उपग्रहाची चित्रं मागवली. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार, रविवार, तुमच्या गावावर धुराचं नाव नाही. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, सव्वादहाच्या सुमाराला. परवा आम्हाला तीन मिनिटं उशीर झाला, तर धूरही तीन मिनिटं थांबलेला. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, या धुराला आपण कळतो.

त्यांनी निबंध लिहायला घेतलाय: 'हवेच्या स्मरणशक्तीविषयी काही प्राथमिक निरीक्षणे'. त्यात माझंही नाव आहे. कप्तान, म्हणजे आमचा वैमानिक, एरवी कोणाला सरळ तोंडाने बोलत नाही, तो आता धूर दिसला की टोपी काढतो.

बाईंची एकच हळहळ आहे. सगळे धूर करडे. तपकिरी एखादा मिळाला असता तर निबंधाला वजन आलं असतं, म्हणतात. पण हवेपुढे कोणाचं चालतं?

मामीचा घसा कसा आहे?

बबी

*

घर,
८ फेब्रुवारी

बबे,

हे पत्र मी लिहितेय. तुझा मामा परसात तपकिरी रंग काढतोय, तोवर उरकते.

तू आकाशात बसून हवेची स्मरणशक्ती मोजतेस. अगं शहाणे, स्मरणशक्ती हवेची नाही, तुझ्या मामाची आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी याने माळ्यावरची दोन लोखंडी पिंपं खाली काढली. एकावर एक ठेवली, खाली भोकं पाडली, वर जुनं धुराडं बसवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ वाजल्यापासून पेटवतो. धूर उभा राहायला पाऊण तास लागतो म्हणे. मी म्हटलं, पोरीला विचार तरी. तर म्हणाला, "तिला विचारलं तर ती नको म्हणेल. पाहुणी दारावरून जाते, तिला रिकाम्या हाताने कसं जाऊ द्यायचं?"

एकटा होता तोवर ठीक होतं. आता कारखान्यातले याचे दोघे जुने सोबतीही येतात, वेल्डर आणि फिटर. तिघांनी पाळ्या लावल्यात. फिटर गच्चीवरून विमान बघतो आणि शिट्टी मारतो. वेल्डर झडप सांभाळतो. तुझा मामा वहीत लिहितो: पाला चार किलो, भुसा सहा किलो, ओल अमुक, वारा तमुक. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, एवढं खूश मी त्याला बघितलं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

तुझ्या तपकिरी धुरासाठी ओल्या भुशाला मंद आचेवर कोंडावं लागतं. चार दिवस प्रयोग चाललेत. शेजारणीने वाळत घातलेल्या चादरी आणून माझ्यापुढे ठेवल्या आणि निघून गेली. घरातला साबणसुद्धा धुराचा वास मारतो.

मला खोकला झालाय. घसा वगैरे काही नाही, छातीतून येतो, तीन आठवडे झाले. मामाला सांगू नकोस. उगाच हिरमुसेल.

मामी

*

विमानतळ वसाहत,
११ फेब्रुवारी

मामा,

बंद करा. आजच्या आज.

मामीवर चिडू नका, तिने सांगितलं ते बरं केलं. काय करून बसलात तुम्ही? धूर आपोआप सापडायला हवा, मामा. घरचा नको. बाईंनी निबंध पाठवून दिलाय. काल तपकिरी मिळाला तेव्हा त्या रडल्या. आनंदाने रडल्या हो, आणि मला मिठी मारली, आणि मी तशीच उभी राहिले.

मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि आकडा वाचून दाखवला.

तुम्हीही कोणाला सांगू नका. पिंपं माळ्यावर चढवा.

बबी

*

घर,
१४ फेब्रुवारी

चि. बबी,

सूचनेप्रमाणे भट्टी आज विझवली. काल शुक्रवार होता आणि तुझं पत्र आज आलं, त्यामुळे कालचा धूर होऊन गेलाय. तो परत घेता येत नाही. म्हणजे माझ्या हिशेबाने एकोणीस झाले.

तुझं पत्र लागलं. घरचा धूर म्हणजे काही खोटा धूर नव्हे. भुसा खरा, आग खरी, आठही वेळा मी स्वतः उभा होतो. लोक बेफिकिरीने धूर करतात तो तुमच्या वहीत चालतो, आणि एका माणसाने मन लावून केलेला चालत नाही, हे मला समजलं नाही. पण तू म्हणतेस तर बंद.

वेल्डर अबोला धरून बसलाय. फिटर अजून सव्वादहाला शिट्टी मारतो, मी त्याला रविवारीसुद्धा मारताना पाहिलं.

मामा

*

विमानतळ वसाहत,
२१ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र वाचून फाइलला लावू नका. फाडून टाका.

सतराला धूर नव्हता, काल वीसलाही नव्हता. मी मोकळा श्वास घेईन असं वाटलं होतं. पण बाईंनी अंथरूण धरलंय. काल विमानात तुमच्या गावावर रिकामी हवा बघून त्यांनी मला विचारलं, आपल्याकडून काही चुकलं का? हवा दुखावली का? कप्तानाने उगाचच गावावर दोन घिरट्या घातल्या, टोपी हातात धरून.

सत्तावीसला समिती स्वतः विमानात बसून येतेय. तिघे जण आहेत, त्यातले अध्यक्ष फार कडक. त्यांना हवेची स्मरणशक्ती डोळ्यांनी बघायची आहे. तो महिन्यातला शेवटचा शुक्रवार, म्हणजे शेवटचं उड्डाण. एकोणीस झालेत. विसावा मिळाला तर माझ्या कायम होण्याच्या कागदावर ते तिथेच सही करणार आहेत. कागद मी पाहिलाय, त्यावर माझं नाव टाइप केलेलं आहे.

मला लाज वाटते लिहायला. पण एकदाच, मामा. फक्त सत्तावीसला. सव्वादहाला. त्यानंतर मी जन्मात मागणार नाही.

बबी

*

घर,
२४ फेब्रुवारी

चि. बबी,

तू मागितलंस, यातच सगळं आलं. पत्र फाडलं. एकतीस वर्षांत कागद पहिल्यांदाच फाडला.

सगळी तयारी झालीय. भुसा भिजत घातलाय. वेल्डर बोलायला लागला. यावेळी तीन पिंपं लावतोय आणि धुराडं सहा हात उंच केलंय. समितीने आयुष्यात पाहिला नसेल असा धूर देतो.

एकच बाब कळवायची. मामीला काल डॉक्टरकडे नेलं, कारण भाजी घेऊन जिना चढताना ती मधेच बसली. डॉक्टर म्हणाला, धुरापासून लांब ठेवा. मी म्हटलं, शुक्रवारी सकाळी बहिणीकडे जा. पण ती ऐकत नाही. म्हणते, पोरीच्या नोकरीचा दिवस आहे आणि मी दुसऱ्याच्या घरी जाऊन बसू? तोंडावर ओलं फडकं धरून गच्चीवर उभी राहणार आहे. तिला तुला एकदा तरी हात करायचाय. आजवर आठही वेळा तू तिला धुरामुळे पाहिलं नाहीस असं ती म्हणते. तासाभराचा खोकला, त्यात काय एवढं, असंही म्हणाली.

तेव्हा तू निश्चिंत राहा.

मामा

*

विमानतळ वसाहत,
२८ फेब्रुवारी

मामा, मामी,

तुमचं पत्र परवा गुरुवारी मिळालं. फोन लावायला धावपट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावले. तुम्ही उचलला नाहीत, बहुधा परसात होतात. आणि तरी मी काल विमानात बसले. न बसता तुमच्याकडे येता आलं असतं, पण बसले, कारण कागदावर माझं नाव होतं. हे लपवत नाही.

सव्वादहाला धूर उभा होता. मामा, असा धूर मी कधी पाहिला नाही. तळापासून टोकापर्यंत एकसारखा, वाऱ्याला दाद न देणारा. समितीतले दोघे खिडकीला नाक लावून बसले. अध्यक्षांना विमान लागलं होतं, तरी पिशवी बाजूला करून त्यांनी बघितलं. बाईंनी माझा हात घट्ट धरला. कप्तानाने टोपी काढली.

आकडा आला, एक लाख चौऱ्याऐंशी हजार. आकडा मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझं. सगळ्यांच्या कानाला यंत्रं असतात, मी बोलते ते सगळ्यांना ऐकू जातं. मी तोंड उघडलं आणि मला दुसरंच सुचलं. वर तीनशे मीटरवर इतके, तर खाली गच्चीवर किती? मी महिनाभर आकडे वाचले, बाईंना दिले, निबंधात घातले, आणि तिथे एक बाई ओलं फडकं धरून उभी असेल आणि ती माझी मामी असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, "हा धूर माझ्या मामाने केलाय. याआधीचे आठही त्यानेच केले. मला सतरा दिवसांपासून माहीत आहे, आणि आजचा मी सांगून करून घेतलाय. खाली माझी मामी खोकते आहे. परत फिरा आणि त्यांना विझवायला सांगा."

बाईंनी माझा हात सोडला. मग अध्यक्षांनी विचारलं, कोणाची मामी?

विमानातून खालच्या माणसाला विझव म्हणून सांगता येत नाही, हे मला नंतर कळलं. कप्तानाने दोनदा पंख हलवले. फिटरने त्यावर शिट्टी मारली असेल आणि वेल्डरने अजून भुसा टाकला असेल.

खाली उतरल्यावर एका तासात सगळं आटोपलं. नऊ धूर खोडले, अकरा उरले. विमान दुसऱ्या गटाला गेलं. बाईंनी निबंध मागे घेतला. जाताना मला एवढंच म्हणाल्या की मला वाटलं होतं हवेला आपली ओळख पटली. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. माझं कंत्राट काल दुपारी संपलं. सतरा दिवस गप्प राहिल्याबद्दल संपलं, आणि ते बरोबरच आहे.

अध्यक्षांनी तुमचा पत्ता घेतला, मामा. का घेतला ते सांगितलं नाही. काही तक्रार झाली तर माझ्यावर ढकला.

मामी, तू कशी आहेस ते आधी कळव. बाकी काही लिहू नकोस.

बबी

*

घर,
४ मार्च

बबे,

बरी आहे. औषध चालू आहे, जिना मधे न बसता चढते. पिंपं भंगारात दिली.

तुझे ते अध्यक्ष काल स्वतः आले. आम्हाला वाटलं दंड करायला आले. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला आणि हात मागे बांधून उभा राहिला. त्यांनी आधी वही मागितली, आणि पाऊण तास उभ्या उभ्या वाचली. मग म्हणाले की जगभर धूर मोजतात, पण खाली किती किलो काय जळलं ते कोणालाच सांगता येत नाही. पहिल्यांदाच नीट लिहिलेला धूर बघतोय. त्यांनी मामाला नोकरी देऊ केली. गावाबाहेरच्या ओसाड माळावर, मंगळवारी आणि शुक्रवारी, सरकारी भुशावर. पदाचं नावसुद्धा काढलं होतं, 'स्थिर धूरस्थान'. घे, म्हणजे धूर केला म्हणून तुझी नोकरी गेली आणि धूर केला म्हणून त्याला लागली.

तुझा मामा असा फुलला होता की मला पुढचं सगळं दिसलं. म्हणाला, घरात विचारून सांगतो. आणि विचारायला म्हणून माझ्याकडे वळला, तेवढ्यात मला खोकला आला. मुद्दाम नव्हता गं, यायचाच होता. तो थांबेपर्यंत तुझा मामा माझ्याकडे बघत राहिला. मग पाहुण्यांकडे न बघताच म्हणाला, नको, मी निवृत्त आहे. वेल्डर दारातच उभा होता, त्याने ती नोकरी घेतली.

पाहुणे गेल्यावर मामा पायरीवर बसला. मला म्हणाला, "किती दिवस झाले तुला?" मी म्हटलं, सहा आठवडे. तो उठला आणि घरातले सगळे पडदे काढून धुवायला बसला, अजून धुतोच आहे.

तुला एक सांगते, ते त्याला दाखवू नकोस. मी त्याच घरात, त्याच्या शेजारी बसून सहा आठवडे खोकत होते. याने धुराची मान कधी पडली, वारा कुठे फिरला, सगळं वहीत लिहिलं, आणि मला म्हणाला थंड पाणी पिऊ नकोस. तुला ते विमानातून ऐकू आलं. तो म्हणतो, ऐकू कसलं येतंय, पेटीतला आकडा होता. असू दे आकडा.

तुझी नोकरी माझ्या खोकल्यापायी गेली. मला वाईट वाटायला हवं, आणि लोक विचारतात तेव्हा मी तसं तोंड करते. पण खरं सांगू? नाही वाटत. माझ्यासाठी कोणीतरी भरल्या विमानात, साहेबांसमोर, स्वतःचं नुकसान करून बोललं. असं माझ्यासाठी आजवर कोणी केलं नव्हतं.

लवकर ये. तुझी खोली झाडून ठेवलीय.

मामी